स्कायरिम : बंडखोर की साम्राज्य?

‘स्कायरिम’ हा बेथेस्डाचा व्हिडिओ गेम २०११ मध्ये आला, तरी साम्राज्याची फौज आणि स्टॉर्मक्लोक बंडखोर यांच्यातील यादवी आजही खेळावीशी वाटते, याचे श्रेय त्याच्या लेखनाला द्यावे लागेल. टॅलोस या देवाच्या पूजेवर साम्राज्याने केलेल्या तहामुळे बंदी आल्याने बंडखोरांचा संताप रास्त वाटतो. मात्र त्यांच्या विंडहेल्म शहरात पाऊल टाकताच दोन नॉर्ड (तिथल्या बहुसंख्य मानववंशाचे लोक) एका डार्क एल्फ या परक्या वंशाच्या स्त्रीला भर रस्त्यात दमदाटी करताना दिसतात, आणि पुढे तिच्या ज्ञातिबांधवांची उपेक्षित वस्ती पाहिल्यावर बंडखोरांचा नेता उल्फ्रिक याच्या स्वातंत्र्याच्या गोष्टींवरचा विश्वास डळमळतो. साम्राज्यही काही कमी नाही; आरंभीच, यादीत नाव नसतानाही, खेळाडूला शिरच्छेदासाठी पाठवण्याचा हुकूम त्याच फौजेची अधिकारी देते.

प्रत्यक्ष लढाया मात्र निराशा करतात. एकामागून एक किल्ले तेच ते करत जिंकायचे आणि सैन्य म्हणावे तर मूठभर माणसे. आमच्या नाशिकच्या रामकुंडावर एखाद्या साध्या संध्याकाळीही याहून अधिक गर्दी असते. त्यामुळे यादवी संपवण्याची घाई न करता मुख्य कथानक आधी पुढे न्यावे, म्हणजे हाय ह्रोथगार या डोंगरावरील मठातली दोन्ही पक्षांची तहाची बैठक अनुभवता येते, आणि कोणता प्रांत कोणाच्या पदरात टाकायचा हे ठरवताना खेळाडूचा खरा कस लागतो.