मे महिन्यातली टाइट बनियन: छातीच्या ऑपरेशननंतरचे आठ महिने

आधी एकच सांगतो. मराठवाड्यात राहत असाल तर पुरुषाची बाईसारखी वाढलेली छाती सपाट करायचं हे ऑपरेशन मे महिन्यात करू नका. दिवाळीच्या सुट्टीत करा, नाताळात करा, नाहीतर बिनपगारी रजा टाका, पण मे नको. मी मेच्या पहिल्या आठवड्यात केलं, कारण ज्युनियर कॉलेजला सुट्टी होती आणि कुणाला कळू द्यायचं नव्हतं. परभणीचा पारा त्या पंधरवड्यात ४३-४४ च्या खाली यायला तयार नव्हता.

माझं वय २९, शिकवतो फिजिक्स. छातीचं दुखणं नववीपासूनचं. दुखणं म्हणजे दुखायचं नाही, दिसायचं. आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं. उन्हाळ्यात सगळी पोरं विहिरीवर. मीही सूर मारायचो, पण अंगात बनियन ठेवून. "कामून रे, पाण्यात पण बनियन?" हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की पुढं पुढं मी विहिरीवर जाणंच सोडलं. नोकरीला लागल्यावर दोन बनियन, वर गडद रंगाचा सैल शर्ट आणि खांदे पुढं ओढून चालायची सवय. वर्गात फळ्याकडे तोंड असलं की बरं वाटायचं. पोरांना वाटायचं, सर लई लिहून देतात.

लठ्ठपणामुळं असेल म्हणून वजन ८४ वरून ७१ वर आणलं. पोट गेलं, गाल बसले आणि छाती उलट जास्तच दिसायला लागली. जिममधल्या एकानं छातीचे व्यायाम वाढवायला सांगितले. त्यानं खालचा स्नायू फुगला आणि वरची गाठ आणखी पुढं आली. ऑनलाइन मागवलेल्या एका जेलवर अडीच हजार घालवले. मोबाइलवर एकदा शोधल्यावर जाहिराती पाठ सोडत नाहीत हेही कळलं. एका ठिकाणाहून रोज फोन यायचा, "सर, आज बुकिंग केलं तर ईएमआयवर व्याज नाही." डॉक्टर कोण, विचारलं तर "ते तुम्हाला ऑपरेशनच्या दिवशी भेटतील." त्या दिवशीच तो नंबर ब्लॉक केला.

शेवटी छत्रपती संभाजीनगरला एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो. त्यांनी बोंडाखाली दोन बोटांत धरून पाहिलं. तिथं रबरासारखी टणक, लिंबाएवढी चकती लागते, ती मला स्वतःलाही लागायची. ते म्हणाले, नुसती चरबी असती तर ती मऊ लागली असती आणि वजनाबरोबर बरीच कमी झाली असती. ही स्तनग्रंथी आहे, ती धावून वितळत नाही. याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. वयात येताना बऱ्याच मुलांना होतो आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरतो. ज्यांचा जिरत नाही, त्यांच्यात ती गाठ पुढं तंतुमय, घट्ट होत जाते आणि मग गोळ्यांचा फारसा उपयोग उरत नाही. पंधरा वर्षं मी स्वतःला आळशी समजत होतो, त्याचं काय करायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

लगेच तारीख दिली नाही, हे मला त्यांचं आवडलं. आधी कुठली औषधं चालू आहेत, दारू किती, जिममध्ये इंजेक्शनं घेतली का, केस गळू नयेत म्हणून गोळ्या चालू आहेत का, सगळं विचारलं. ब्लडप्रेशरच्या, मानसिक आजारांच्या काही गोळ्यांनीही छाती वाढते म्हणे. मग थायरॉइड, लिव्हर आणि टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल, प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स, अशा रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. अंडकोशही तपासले. लाज वाटली, पण क्वचित तिथल्या गाठीमुळं छाती वाढते, म्हणून ती तपासणी टाळू नका. तुमचे डॉक्टर ती करत नसतील तर तुम्हीच विचारा. माझं सगळं नॉर्मल निघालं. कारण सापडलं नाही, आणि बऱ्याच जणांत ते सापडतच नाही.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण मी झोपलो होतो. पूर्ण भूल. दोन्ही काखांच्या बाजूला बारीक छिद्र पाडून लायपोसक्शननं चरबी ओढली आणि बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेवर अर्धगोल चीर देऊन गाठ बाहेर काढली. दोन तास लागले. बोंडाखाली थोडी ग्रंथी मुद्दाम ठेवतात, नाहीतर तिथं बशीसारखा खड्डा पडतो. काढलेल्या गाठी लॅबला गेल्या, रिपोर्ट साधाच आला. एक रात्र दवाखान्यात, दोन्ही बाजूंना नळ्या. त्या तिसऱ्या दिवशी काढल्या. तोवर मी स्टेशनजवळच्या लॉजवर होतो आणि घरी सांगितलं होतं, प्रशिक्षण आहे.

तपोवन एक्स्प्रेसनं परत आलो. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, प्रत्येक स्टेशनात गाडी थांबताना आणि सुटताना जो झटका बसतो तो टाक्यांत कळतो. घरी आलो तेव्हा शर्टाच्या बाजूला पिवळसर लाल डाग पडला होता. आईनं तो दारातच पाहिला. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि रडायला लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "तुझ्या अण्णांना कधी उघड्या अंगानं अंघोळ करताना पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, बाहेरच्या न्हाणीत बंडी घालूनच अंघोळ करायचा. मी समजायचो, जुन्या वळणाचे आहेत.

आता बनियनबद्दल. तिला प्रेशर गारमेंट म्हणतात. पुढं चेन आणि हुक, आणि कापड असं की ट्रकच्या ट्यूबमध्ये शिरल्यासारखं वाटतं. पहिले तीन आठवडे चोवीस तास, फक्त अंघोळीपुरती काढायची. पुढचे तीन आठवडे फक्त दिवसा. हिच्यामुळं सूज उतरते, आत पाणी साचत नाही आणि कातडी खालच्या स्नायूला चिकटून बसते, म्हणून कंटाळा करून चालत नाही. मी दहाव्या दिवशी दुपारी दोन तास काढून पडलो होतो, ते पुढं भोवलं की काय, ही शंका अजून मनात आहे.

परभणीत मे महिन्यात दुपारी लाइट गेली की कूलर बंद, आणि आत हा रबरी चिलखताचा थर. पाठीवर घामोळ्या, काखेत कातडी सोललेली. चौथ्या दिवसापासून मी आतून पातळ सुती बनियन घातली आणि वरून ही. डॉक्टरांना विचारूनच, कारण आतल्या कापडाला चुणी पडली तर कातडीवर तसाच वळ उठतो. दोन नग घ्या. एकावर भागत नाही, रात्री धुतलेली सकाळपर्यंत वाळली तरी आठवडाभरात ढिली पडते. आणि तीन आठवड्यांनी सूज उतरल्यावर एक साइज लहान लागते, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही. पहाटे चारला उठून गच्चीवर फेऱ्या मारायचो, तेवढीच दोन तास हवा. पंधरा वर्षं बनियनमध्येच काढली होती, म्हणून असेल, पण हेही निघालं.

बाराव्या दिवशी उजवी बाजू पुन्हा फुगली. दाबलं की आत पाणी हलल्यासारखं. घाबरून गेलो, म्हटलं गाठ परत आली. फोटो पाठवला तर डॉक्टर म्हणाले, पाणी साचलंय, सुईनं काढावं लागेल. म्हणजे पुन्हा परभणी ते संभाजीनगर, कशासाठी तर दहा मिनिटांच्या कामासाठी. असं पाच दिवसांत दोनदा. म्हणून डॉक्टर निवडताना फीपेक्षा आधी अंतर बघा. एक दिवसाचं ऑपरेशन लांब झालं तरी चालतं, पण त्यानंतरचा महिना जवळ असलेला बरा.

दुसऱ्या महिन्यात आतून टणक लागायला लागलं. आतल्या जखमेचा वण होता तो. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे रोज दहा मिनिटं बोटांनी चोळायचं. पाचव्या महिन्यापर्यंत मऊ पडलं. डाव्या बोंडाची संवेदना तीन महिन्यांत परत आली, उजव्याला अजून बधिरपणा आहे, कपडा लागला तर कळतं पण उशिरा. वण काळ्या वर्तुळाच्या कडेत लपलाय, जवळून बघितलं तरच दिसतो. बाजूची छिद्रं मात्र दोन काळे ठिपके म्हणून राहिलीत. जून उजाडला, कॉलेज सुरू झालं, तेव्हा फळ्यावर हात वर करून लिहिताना उजवीकडं ओढायचं, म्हणून महिनाभर पोरांना बसूनच शिकवलं. सहा आठवडे सिलिंडर, पाण्याची घागर, जिम, सगळं बंद.

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नाहीत. उजवी किंचित जास्त बसलीय. इंटरनेटवरच्या फोटोंसारखी पैलवानी छातीही झालेली नाही, साधी सपाट झालीय. मला तेवढंच पाहिजे होतं. खांदे पुढं ओढायची सवय मात्र ऑपरेशननं गेली नाही. आरशासमोरून जाताना अजूनही हात आपोआप शर्टाकडं जातो.

मी सांगितल्यावर माझी होणारी बायकोही हसली नाही. जुलैमध्ये फोनवर धीर करून सगळं सांगितलं. तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "मग बस्त्यात शर्ट बेचाळीसचा घ्यायचा की चाळीसचा?" चाळीसचा घेतला. डिसेंबरात हळदीला चुलत्यांनी, मामांनी, सगळ्यांनी ओढूनताणून उघडं बसवलं आणि मी बसलो. कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्यांचं लक्ष डीजे अजून का आला नाही याकडं.

कुणी करावं यावर एवढंच. अठराच्या आतल्या पोराला घेऊन जात असाल तर डॉक्टर बहुतेक थांबायला सांगतील, ते ऐका. वजन अजून वरखाली होत असेल तर ते आधी स्थिर करा. जिममधल्या स्टेरॉइडवर असाल तर ते सुटल्याशिवाय जाऊ नका, परत वाढू शकतं. आणि एकाच बाजूला दगडासारखी घट्ट गाठ लागत असेल किंवा बोंडातून रक्त येत असेल तर हे असले अनुभव वाचत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, कमी होतो एवढंच.

खर्च सगळा मिळून ८८ हजार आला. त्यात ऑपरेशन, भूल, दवाखाना ७२, बाकी तपासण्या, तीन बनियन, लॉज आणि रेल्वे. मेडिक्लेमवाल्यांनी सौंदर्यासाठी केलेलं ऑपरेशन म्हणून एक रुपया दिला नाही. पॉलिसी घेताना बारीक अक्षर वाचलं असतं तर अर्ज भरायचे कष्ट वाचले असते.

अण्णांना आईनं कधी सांगितलं ते मला माहीत नाही. संक्रांतीच्या दिवशी ओट्यावर तीळगूळ खात बसलो होतो, तेव्हा त्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "किती लागले?"

"अठ्ठ्याऐंशी हजार."

"दुभती म्हैस आली असती." पेपराचं पान उलटलं. थोड्या वेळानं परत, "एका बाजूचे का दोन्ही?"

"दोन्ही."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि पुढचं पान काढलं.