पूर्ण बाह्यांचे कपडे की सनस्क्रीन?

मुलांसाठी माझं मत आधी कपड्यांना, कारण एकदा घातले की विषय संपला, सनस्क्रीनचं तसं नाही, दर 2 तासांनी परत लावा, पाण्यातून बाहेर आलं की परत लावा, आणि पोरगं तोवर पळालेलं असतं. यूपीएफ 50 चं (यूपीएफ म्हणजे कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा) कापड उन्हातले जेमतेम 2 टक्के यूव्ही म्हणजे अतिनील किरण आत सोडतं. साधा पांढरा कॉटनचा टीशर्ट मात्र ओला झाला की फारसा कामाचा नाही, गडद आणि घट्ट विणीचा बघा.

पण चेहरा, कानाच्या पाळ्या, पावलं कशी झाकणार? तिथे एसपीएफ (सनस्क्रीन ऊन किती अडवतं त्याचा आकडा) 30 च्या वरचं, झिंक ऑक्साईडवालं सनस्क्रीन बरं, ते कमी चुरचुरतं. 6 महिन्यांच्या आतल्या बाळाला शक्यतो सावली आणि कपडेच.