फॅशन की मल्टिमीडिया? बेळगावच्या बारावीकरांसाठी

शहापूर-वडगावात मागाची खडखड ऐकत वाढलेल्या मुलीला ताणा-बाणा, काठ, पदर पाहूनच कळतात. तिने फॅशन डिझाइनच घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. 'निफ्ट' या सरकारी फॅशन संस्थेच्या ४ वर्षांच्या बी. डिझाइनला बारावीची कुठलीही शाखा चालते. पण प्रवेश परीक्षा इंग्रजी-हिंदीत असते, म्हणून मराठी माध्यमातल्यांनी अकरावीपासूनच इंग्रजी वाचन वाढवावं. बेंगळुरू आणि मुंबई, दोन्हीकडे केंद्रं आहेत. संस्था सरकारी असली तरी फी जड जाते, वर कापड-साहित्याचा खर्च वेगळा. पण शिकून परतलेल्यांना इचलकरंजीचं कापड आणि घरचे माग हाताशी आहेत, ही मोठी जमेची बाजू.

मल्टिमीडियात शिरणं स्वस्त. ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, फक्त संगणक दमदार हवा. इथे पदवीपेक्षा शोरील, म्हणजे आपल्या कामाचे नमुने दाखवणारा छोटा व्हिडिओ, बोलतं. कर्नाटकाने अ‍ॅनिमेशन-गेमिंगसाठी धोरण आणलं, तरी स्टुडिओ बहुतेक बेंगळुरूतच. घर सोडायची तयारी ठेवा. आधी सहा महिने घरीच अ‍ॅनिमेशनचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे करून पाहा, वेड टिकलं तरच क्लासचे पैसे भरा. आणि नोकरीची हमी देणाऱ्यांकडून ती लेखी मागा.