दुभंगलेला ओठ: टाके जन्मताच की तिसऱ्या महिन्यात?

बाळाचा दुभंगलेला ओठ पाहिला की आईवडिलांना वाटतं, आजच शिवून टाका. पण जन्मताच ओठ इवलासा असतो, भुलीची जोखीमही जास्त. आणि ‘लवकर शिवलं तर व्रण राहत नाही’ हा समज चुकीचा आहे. व्रण न राहण्याचा गुण गर्भातल्या त्वचेचा.

थांबायचं तर जुना ठोकताळा दहाचा: 10 आठवडे, 10 पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो वजन, हिमोग्लोबिन 10 ग्रॅम. नाळेतून मिळालेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, तोवर ओसरू लागतात खरी, पण अंगावर धरलेलं वजन जखम भरायला बळ देतं. मी थांबण्याच्याच बाजूची. तोवर चमच्याने का होईना, आईचं दूध द्याच. त्यातली प्रतिपिंडं तोंडाच्या नाजूक अस्तरावर पहारा देतात. ऐनवेळी सर्दी-ताप आला, तर डॉक्टरांना लगेच सांगा. तारीख पुढे गेली तरी चालेल.