एसटीचा 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' पास: पंचावन्न ते पासष्टमधल्या माणसाचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. पास मस्त आहे, पण ज्याच्याकडे वेळ आहे आणि ज्याचे गुडघे अजून ऐकतात त्याच्यासाठी. सोमवारी ऑफिसला हजर व्हायचंय अशा माणसाने याच्या नादी लागूच नये, रजा, गर्दी आणि सुटलेली गाडी यांचा मेळ घालता घालता जीव मेटाकुटीला येईल. म्हणून हा रिव्ह्यू अर्धा पासचा आणि अर्धा रिटायर कधी व्हायचं याचा आहे, माझ्या डोक्यात हे दोन प्रश्न एकमेकांत अडकले होते, त्यामुळे वेगळे करून लिहायला जमणार नाही.

तर पास काय आहे ते. एसटी महामंडळाची ही योजना 1988 पासूनची आहे, पण आश्चर्य म्हणजे आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना ती माहीतच नाही. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि तेवढे दिवस एसटीने महाराष्ट्रभर कुठेही, कितीही वेळा चढा-उतरा. साध्या गाड्यांचा पास वेगळा, शिवशाहीचा वेगळा आणि अर्थातच महाग. साध्याच्या पासवर रातराणी, म्हणजे रात्रभर चालणारी गाडी, पण चालते, हे फार कामाचं आहे, त्यावर पुढे लिहितो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वयाची अट नाही!! हे वाक्य मी बोल्डमध्ये लिहिलं असतं.

कारण बघा, आपल्याकडे रिटायरमेंटनंतर फिरायचं म्हटलं की लोक सवलतीच्या वयाचा हिशोब करायला लागतात. एसटीत 65 झाली की अर्धं तिकीट. 75 झाली की राज्याच्या हद्दीत फुकट, ते ऑगस्ट 2022 पासून. छान आहे, नाही म्हणत नाही, माझे सासरे त्यावर गावोगावच्या नातेवाइकांना धन्य करून सोडतात. पण 75 व्या वर्षी फुकट लोणारला जाऊन विवराच्या काठावरून खाली बघायचं आणि परत फिरायचं, की 57 व्या वर्षी पैसे देऊन खाली उतरायचं? आणि सवलती काय, आज आहेत उद्या नाहीत. रेल्वेत साठीच्या पुरुषांना 40 टक्के आणि 58 च्या पुढच्या बायकांना 50 टक्के सूट होती, मार्च 2020 मध्ये गेली ती गेली. ज्यांनी "साठ होऊ दे मग भारतभर फिरू" असं ठरवलेलं ते बसले बोटं मोडत.

आता रिटायर कधी व्हायचं. मी बँकेतला माणूस, नियमाने साठला सुटणार होतो, पंचावन्न ओलांडल्यावर व्हीआरएस घेतली, म्हणजे मुदतीआधी स्वेच्छेने निवृत्ती. यात धाडस वगैरे काही नव्हतं, कॅल्क्युलेटर होता. सरकारी बँकेत जे 2010 च्या आधी लागले आणि पेन्शनवाले आहेत त्यांना 33 वर्षं नोकरी धरली की पूर्ण पेन्शन, म्हणजे शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या निम्मी. आणि 20 वर्षं झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने बाहेर पडलात तर नोकरीच्या वर्षांत पाच वर्षांपर्यंत भर घालून मिळते, फक्त एकूण 33 च्या वर जात नाही. म्हणजे ज्याची 28 वर्षं भरली त्याला साठपर्यंत बसून पेन्शनचं प्रमाण तसूभरही वाढत नाही, वाढतो तो फक्त पगार आणि ब्लडप्रेशर. हे आमच्या ब्रांचमध्ये मी चहाच्या वेळी सांगायचो तेव्हा सगळे मान डोलवायचे आणि "अजून एक इन्क्रिमेंट घेतो" म्हणून परत काउंटरला जायचे.

पगार वाढतो म्हणजे पेन्शन पण वाढते हे खरं आहे, ते खोटं कशाला सांगू. मुलाचं शिक्षण चालू आहे, घराचा हप्ता आहे, तर बसाच. पण ते दोन्ही संपलेलं असेल तर एक कागद घ्या आणि लिहून काढा. सीनियर सिटिझन स्कीम, म्हणजे ज्येष्ठांसाठीची सरकारी बचत योजना, साठीनंतरच मिळते असा एक गैरसमज आहे, व्हीआरएस घेतलेल्याला 55 नंतर पण खातं उघडता येतं, रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत तेवढं करायला लागतं. मर्यादा 30 लाख, 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 येतात. टॅक्स लागतो त्यावर, ते धरा. प्रायव्हेटवाल्यांची गोष्ट निराळी, ईपीएसची (पीएफबरोबरची) पेन्शन 58 ला, आधी घेतली तर दर वर्षामागे 4 टक्के कापतात, आणि मुळात ती एवढीशी असते की त्यावर निर्णय घेऊच नये. त्यांनी मेडिक्लेमचा आकडा सगळ्यात आधी लिहावा, नोकरी सुटली की कंपनीचा ग्रुप विमा पण सुटतो.

माझ्या कागदावर शेवटची ओळ गुडघ्यांची होती. हाडांचे डॉक्टर म्हणाले होते, "उतरताना दुखतं ना? मग अजून वेळ आहे, पण फार नाही." बस, तीन महिन्यांची नोटीस त्याच आठवड्यात टाईप केली.

पासकडे परत येतो. परवडतो का, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. पासचे भाव मधून मधून बदलतात, तेव्हा डेपोच्या खिडकीवर ताजा आकडा विचारा आणि मग हे गणित करा: एसटीचं भाडं 6 किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं, 25 जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतात. म्हणजे पासच्या किमतीला दहाने भागा, सहाने गुणा, तेवढे किलोमीटर झाले की पास वसूल. समजा दीड हजाराचा पास आहे तर 900 किलोमीटर. पुणे-महाबळेश्वर करून घरी येणार असाल तर पास काढू नका, सरळ तिकीट काढा. पण सातारा ते चिखलदरा करणार असाल तर डोळे झाकून काढा.

आम्ही नवरा-बायकोने हेच केलं. साताऱ्याहून पुणे, पुण्याहून संभाजीनगर, जालना, वाटेत सिंदखेडराजाला उतरलो. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजीराजे जाधवांचा वाडा. टूरवाल्यांच्या गाड्या इथे अर्धा तास थांबतात आणि हॉर्न वाजवतात, आपल्याला हॉर्न वाजवणारं कोणी नाही, पुढची गाडी नाही तर त्याच्या पुढची. पासचं खरं सुख हेच. तिकीट काढलेलं असलं की मन त्या गावाला बांधलेलं असतं, पास असला की खिडकीतून एखादं तळं दिसलं आणि उतरावंसं वाटलं तर उतरता येतं. एकदा तर आम्ही फक्त एका स्टँडसमोर गरम भजी तळताना दिसली म्हणून उतरलो, ही म्हणाली लोकांना सांगू नका.

लोणारला मुक्काम केला. विवराचा व्यास साधारण 1.8 किलोमीटर, बेसॉल्ट दगडात उल्केच्या आघाताने झालेलं, 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, हे सगळं वाचून गेलो होतो पण काठावर उभं राहिल्यावर वाचलेलं सगळं बाजूला राहतं. सकाळी लवकर उतरा, ऊन चढलं की खालची हवा कोंदट होते. बूट घाला, चपला नकोत, वाट घसरडी आहे आणि काटे आहेत. खाली आमच्याबरोबरच्या गाईडने खिशातून हळदीची पुडी काढली, चिमूटभर तळहातावर घेतली, वर तळ्याचं पाणी शिंपडलं आणि हळद बघता बघता कुंकवासारखी लाल झाली. पाणी अल्कधर्मी आहे म्हणून, शाळेत शिकवलेलं असतं, पण आयुष्यभर डेबिट-क्रेडिट केलेल्या माणसाला स्वतःच्या हातावर बघितल्यावर फार भारी वाटतं. चढून वर यायला मला गाईडच्या दुप्पट वेळ लागला. वर आल्यावर गोमुखाच्या धारेजवळ बसलो, पाय चेपत. पासष्टीची वाट बघितली असती तर हे जमलं नसतं असं मी हिला म्हणालो, तर म्हणे "आत्ता तरी कुठे जमलंय."

तिथून मेहकर, अकोला, अकोट, अंजनगाव, परतवाडा करत चिखलदरा. परतवाड्याच्या पुढे घाट लागला की गाडीत गारवा शिरतो, वर पोचल्यावर संध्याकाळी शाल लागते. मेळघाटचं जंगल, गाविलगड किल्ला, पंचबोल पॉइंटला हाक मारली की ती परत येते, आणि विदर्भात कॉफी पिकते ती इथे. गाविलगडला चालत जा, रिक्षाने दारापर्यंत जाण्यात मजा नाही. लॉजचं नाव लिहीत नाही, गरम पाणी "आत्ता येईल" म्हणून सकाळभर झुलवलं, पैसे देताना मात्र मालक अगदी वेळेवर हजर.

येताना अमरावतीहून रातराणी. रात्रीचा लॉजचा खर्च वाचतो, पण साठीच्या जवळ आल्यावर रात्रभर बसून प्रवास सलग दोनदा करायचा नाही, हा आमचा नियम. जाऊन येऊन दीड हजार किलोमीटरच्या आसपास झालं, म्हणजे वरचं गणित लावा, अडीच हजारापर्यंतचा पास वसूलच आहे.

जागेबद्दल थोडं. मागच्या चाकावरची सीट टाळा, गुडघे हनुवटीला लागतात आणि प्रत्येक खड्डा मणक्यात मोजला जातो. दरवाज्याच्या बाजूची पुढची दोन-तीन बाकं बेस्ट. आणि शक्य असेल तिथे मुक्कामी गाडी पकडा, म्हणजे जी रात्री गावात थांबते आणि पहाटे तालुक्याला निघते. त्या गाडीची मजा शिवशाहीत नाही. अंधारात ड्रायव्हर कापडाने पुढची काच पुसतोय, कंडक्टर उपरणं गुंडाळून मशीन चालू करतोय, दुधाचे कॅन चढतायत, कॉलेजच्या पोरी अर्ध्या झोपेत, आणि एक आजी कोंबडी पिशवीत घालून अगदी निरागस चेहऱ्याने बसलेली. मी पास दाखवला तर कंडक्टर म्हणाला, "सात दिसाचा? मग काका आमच्यापेक्षा जास्त ड्युटी तुमची."

उणं काय ते पण लिहायला पाहिजे. पास आहे म्हणून सीट मिळेलच याची हमी नाही, ते नियमातच आहे, सीट पाहिजे तर रिझर्व्हेशनचा आकार वेगळा भरून आधी बुक करायची. पास हरवला तर दुसरा मिळत नाही, तेव्हा शर्टाच्या खिशात ठेवू नका, पँटच्या आतल्या खिशात ठेवा आणि ओळखपत्र बरोबर असू द्या. दिवस मोजताना रात्री बाराला दिवस बदलतो, त्यामुळे शेवटच्या रात्री रातराणीत बसायचा बेत असेल तर मध्यरात्रीनंतरच्या प्रवासाचं तिकीट पडतं, सहाव्या रात्रीच परतीला लागा. आडवळणाच्या गावांना दिवसातून एक-दोनच गाड्या असतात, त्यांची वेळ इंटरनेटवर शोधत बसू नका, आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारा किंवा त्याहून खात्रीचं म्हणजे स्टँडबाहेरच्या चहावाल्याला विचारा. स्टँडवरच्या स्वच्छतागृहांबद्दल मी नवीन काही सांगायची गरज नाही, बायका बरोबर असतील तर थांबे त्या हिशोबाने ठरवा.

एकट्याने काढायचा की दोघांनी, हा प्रश्न राहिला. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, वय कितीही असो. त्यामुळे हिच्यासाठी पास वसूल व्हायला माझ्या दुप्पट किलोमीटर लागतात. जवळच्या फेरीला, म्हणजे दापोली-हर्णै किंवा मालवण-विजयदुर्ग असं काही असेल तर मी पास आणि ही अर्धं तिकीट, असं आम्ही करतो, लांबच्याला दोघांचा पास. फक्त लक्षात ठेवा, ती सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, तिकडे बेळगाव-पणजीकडे जाणार असाल तर पलीकडचं पूर्ण भाडं धरा. आणि 65 झाल्यावर पुरुषांचं पण हेच गणित होणार, म्हणून म्हटलं की पास खरा उपयोगी पंचावन्न ते पासष्टमधल्या माणसाला.

पाचपैकी चार स्टार, एक स्टार सीटच्या हमीसाठी कापला. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी सोडून काढा, शाळा चालू असताना गाड्या रिकाम्या असतात आणि खिडकी मिळते. पावसाळ्यात कोणी जाणार असेल तर चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कोयनानगर, पाटण, कराड ही गाडी दिवसाची पकडा, डाव्या खिडकीत की उजव्या यावर आमच्यात अजून भांडण आहे.