रेसिंगची वॉटर स्की: एका हंगामानंतर

नोव्हेंबरात क्लबमधल्या एका जुन्या स्कीअरकडून रेसिंगची स्की विकत घेतली आणि इथला ऑस्ट्रेलियातला उन्हाळा संपेपर्यंत मरे नदीवर मनसोक्त वापरली. मेलबर्नच्या मराठी मंडळींपैकी बरेच जण ती कशी आहे असं विचारत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूंबाच्या, म्हणजे मेलबर्नच्या उत्सवाच्या, दिवसांत यारा नदीवर दिसतात त्या उड्या, कसरती, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांना वळसे घालणारी स्लॅलम, हे सगळं वेगळं. स्लॅलमच्या स्पर्धेत बोट ताशी ५८ किमीच्या वर जात नाही. रेसिंगमध्ये कस लागतो तो वेगाचा आणि दमाचा. इचुकाची ‘सदर्न ८०’ ही शर्यत घ्या. फेब्रुवारीत भरते, टोरमबरीच्या बंधाऱ्याकडून इचुकापर्यंत ८० किमी, तेही मरेच्या वळणावळणांतून, आणि अव्वल बोटी हे अंतर अर्ध्या तासाच्या आसपास कापतात! अमेरिकेतली कॅटलिनाची शर्यत खुल्या समुद्रात होते: लाँग बीचहून बेटापर्यंत जाऊन परत, सुमारे १०० किमी. इथे ऑस्ट्रेलियात सहसा एका बोटीमागे दोन स्कीअर असतात, प्रत्येकाच्या दोन्ही पायांखाली मिळून एकच स्की.

माझी स्की सात फुटांच्या आसपास आहे, म्हणजे माझ्यापेक्षा बरीच उंच. स्लॅलमची स्की वळण्यासाठी घडवलेली असते, ही सरळ धावण्यासाठी. कमी वेगात ती जड वाटते, वळायला कुरकुरते, आणि पहिल्या दिवशी कुणालाही वाटेल की पैसे वाया गेले. बोटीने ताशी सत्तर किमी ओलांडले की तिचा स्वभाव पालटतो. तळ पाण्याला नीट चिकटून राहतो, समोरच्या बोटीची लाट आली तरी टोक उधळत नाही. शंभरच्या जवळपास तर ती मला स्लॅलमच्या स्कीपेक्षा कितीतरी भरवशाची वाटली. पाणी मात्र त्या वेगात कडक लागतं. छोटी लाटसुद्धा गुडघ्यांतून थेट कमरेपर्यंत जाणवते.

दोराला दोन हँडलं असतात. एक पुढच्या हातात, दुसरं पाठीमागे नेलेल्या हातात, दोर कमरेभोवतून. ओढ दंडांवर न येता कमरेवर येते, म्हणून माणूस इतका वेळ उभा राहू शकतो. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण एकदा जमलं की हात मोकळे वाटतात आणि सगळा भार मांड्यांवर येतो. मांड्या पेटतात. हिवाळ्यात उठाबशा काढल्याशिवाय या खेळाकडे फिरकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

देखभालीचं सांगायचं तर मागच्या पायाचा रबरी बूट टाचेकडून चिरायला लागला आहे. पाय आत घालताना तिथेच ओढ बसते. भांडी घासायच्या साबणाचं पाणी आत फिरवलं की पाय अलगद सरकतो, चिरही वाढत नाही. बुटांचे स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी दर वेळी पाना फिरवायचाच. स्कीच्या तळाचा फिन, म्हणजे खाली असलेलं पातं, बोटी उतरवायच्या रॅम्पच्या काँक्रीटवर घासला गेला होता. कानस मारून सरळ केला, आता ठीक आहे.

अंगात घालायचा सूट नवा घेतला होता. त्याची पाठीची चेन पहिल्या महिन्यातच निसटली आणि दुकानदाराने ती बदलून द्यायला फार फेऱ्या मारायला लावल्या. पण छाती-बरगड्यांवरचं जाड अस्तर उत्तम आहे. ताशी नव्वदला पडले तेव्हा पाण्यावर दोन-तीन कोलांट्या खाल्ल्या, आणि बरगड्या शाबूत राहिल्या त्या या सुटामुळेच. म्हणून बजेट कमी असेल तर स्की जुनी घ्या. हेल्मेट आणि सूट मात्र नवे, आणि अंगाला घट्ट बसणारे.

आणखी एक गोष्ट पैशांनी मिळत नाही: चांगला ऑब्झर्व्हर. तो बोटीत मागे तोंड करून बसतो, स्कीअरवरची नजर हलवत नाही. स्कीअरचा अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा. ड्रायव्हरला मागचं सगळं कळतं ते त्याच्याकडूनच. कुणी पडलं की तो तत्काळ झेंडा उभारतो, म्हणजे मागून येणाऱ्या बोटी सावध होतात. मरेत तर पाण्याखाली झाडांचे ओंडके पडलेले असतात, त्यामुळे नदी ओळखणारा ड्रायव्हरही हवाच.

ज्यांना आठवड्याच्या शेवटी तळ्यावर गंमत म्हणून स्की करायची आहे त्यांनी ही घेऊ नये. ज्यांना क्लबच्या बोटीत जागा मिळाली आहे त्यांनी विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या स्कीवर ताशी ऐंशीच्या पुढे एक फेरी मारून बघावी. मी पुढच्या हंगामासाठी हीच ठेवते आहे, फक्त मागचा बूट बदलून.