आठ सेंट जास्तीचे: अमेरिकेचे स्तनकर्करोग संशोधन तिकीट

स्तनकर्करोगाच्या नावाने गुलाबी फीत लावून विकल्या जाणाऱ्या वस्तूंत, ग्राहकाच्या पैशातले संशोधनापर्यंत नेमके किती पोहोचते, हे वेष्टनावरून क्वचितच कळते. अमेरिकी टपाल खात्याच्या स्तनकर्करोग संशोधन तिकिटाबाबत ती वाटणी कायद्यानेच ठरवून दिलेली आहे, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

कॅलिफोर्नियातील शल्यचिकित्सक अर्नी बोडाई आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांनी संसदेकडे केलेल्या पाठपुराव्यातून १९९७ मध्ये कायदा झाला आणि २९ जुलै १९९८ रोजी तिकीट निघाले. साध्या पत्राला तेव्हा ३२ सेंट लागत आणि हे ४० सेंटला मिळे. वरच्या रकमेतून टपाल खात्याचा वाजवी खर्च वजा जाता ७० टक्के राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडे व ३० टक्के संरक्षण खात्याच्या संशोधन कार्यक्रमाकडे जातात. संरक्षण खात्याचे नाव वाचून दचकण्याचे कारण नाही. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोअॅलिशन या संघटनेच्या रेट्यामुळे संसदेने पुढच्याच वर्षी लष्कराच्या अर्थसंकल्पात स्तनकर्करोगाच्या संशोधनासाठी २१ कोटी डॉलर मंजूर केले. संशोधनाचे प्रस्ताव निवडणाऱ्या त्या कार्यक्रमाच्या समित्यांवर, शास्त्रज्ञांच्या बरोबरीने, या आजारातून गेलेल्या स्त्रियाही मतदानाच्या हक्कासह बसतात.

पैसा कामी आला का, याचे उत्तर स्तनकर्करोगावरील उपचारांच्या टेलरएक्स या चाचणीत दिसते. तिच्या आर्थिक पाठबळात या तिकिटाचाही वाटा होता. दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या या चाचणीचा निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाला: संप्रेरकांना प्रतिसाद देणारा, एचईआर-२ हे पेशींची वाढ घडवणारे प्रथिन वाजवीपेक्षा जास्त नसलेला आणि काखेतील लसिकाग्रंथींत न पसरलेला कर्करोग असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना, आजार उलटण्याचा धोका सांगणाऱ्या जनुकीय तपासणीचे गुण मध्यम असले तरी, शस्त्रक्रियेनंतर संप्रेरक उपचार पुरेसे ठरतात आणि केमोथेरपी टाळता येते. पन्नाशीच्या आतील काहींना मात्र केमोथेरपीचा थोडा लाभ दिसला.

चित्राबद्दल माझे मत तितके अनुकूल नाही. भात्यातून बाण काढणारी शिकारीची देवी रंगवली आहे. तिचा डोक्यामागे गेलेला हात स्तनांच्या स्वतपासणीची मुद्राही सुचवतो. कल्पना देखणी आहे, पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शांघायच्या मोठ्या चाचणीत स्वतपासणीच्या शिकवणीने मृत्यू कमी झाल्याचे आढळले नाही. शिवाय हा आजार वाढत्या वयाबरोबर अधिक आढळतो, आणि देवी मात्र तरुण आहे. ‘इलाज शोधा’ या आशयाच्या घोषवाक्यात प्रतिबंधाला जागाच नाही, हीही उणीव म्हणावी लागेल.

पत्रव्यवहार आटत चालला असल्याने विक्रीला मर्यादा आहेत, आणि मुदत संपत आली की संसदेकडून ती वाढवून घ्यावी लागते. तरीही ज्याला पत्र टाकायचेच आहे, त्याने साध्या तिकिटाऐवजी हेच घ्यावे.